‘तुझ्यावर सरकारचे पैसे मिळतात’ म्हणणाऱ्या कारखान्यात भावाला पाठवावं का?

अमळनेर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. धाकटा भाऊ बी.ए. झाला. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत एका सरकारी कार्यालयात त्याने ११ महिने काढले, महिना १०,००० मिळाले, मुदत संपली आणि पोरगा घरी बसला. आता जळगाव एमआयडीसीतल्या एका चटईच्या कारखान्याने १४,००० पगार कबूल केलाय. मालक म्हणतो, ‘तुझ्यावर मला सरकारकडून पैसे मिळतील, तुलाही पंधरा हजारांपर्यंत मिळतील.’ हे खरं का? आणि अनुदान संपलं की त्याला काढून टाकतील का?

ताई, मी २२ वर्षं जळगाव-धुळ्याच्या लहान कारखान्यांचं पीएफ आणि ईएसआयसीचं, म्हणजे कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचं, काम करतो. हजेरी, पगारपत्रक, चलन, कामगाराचं नाव चढवणं आणि उतरवणं, हे रोजचं. फी मालक देतो, त्यामुळे मालकाचं गणित मला आतून माहीत आहे. तेच गणित तुमच्यापुढे मांडतो, म्हणजे निर्णय तुमचा तुम्हाला घेता येईल.

मालक खोटं बोलत नाही. पण अर्धंच सांगतोय, आणि बहुतेक त्यालाही अर्धंच माहीत असेल.

‘सरकारी अनुदान’ या एका शब्दाखाली सध्या तीन वेगळे पैसे फिरतात आणि लोक त्यांची खिचडी करतात. तुमच्या भावाने घेतले ते राज्याचे. जुलै २०२४ मध्ये त्याचा शासन निर्णय निघाला. बारावीला ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,०००, पदवीला १०,०००, थेट मुलाच्या खात्यात. मुदत आधी ६ महिने होती, नंतर ५ वाढवून ११ केली. ते विद्यावेतन होतं, पगार नव्हे. दुसरे पैसे अप्रेंटिसचे. केंद्राच्या २०१६ च्या योजनेत शिकाऊ उमेदवाराच्या विद्यावेतनाचा पाव हिस्सा, जास्तीत जास्त १,५०० रुपये महिना, सरकार उचलतं. तिसरे नवे: प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात लागलेल्या नोकऱ्यांना ती लागू आहे आणि मालक बहुधा हिच्याबद्दलच बोलतोय. ‘बहुधा’ म्हणतो, कारण हेच पहिल्यांदा पक्कं करून घ्यायचं आहे. त्याने भावाला अप्रेंटिस म्हणून नोंदवलं तर पीएफ नाही, आणि पीएफ नाही तर ते पंधरा हजारही नाहीत. ‘मला कामगार म्हणून घेताय की अप्रेंटिस म्हणून?’ एवढंच भावाने विचारावं. सरळ मालक सरळ उत्तर देतो.

आता तिसऱ्या योजनेचं गणित. तिचे दोन भाग आहेत, एक कामगाराचा, एक मालकाचा.

कामगाराच्या भागाची अट अशी की तो १ ऑगस्ट २०२५ च्या आधी कधीच पीएफचा सभासद नसावा. मग एका महिन्याचा पीएफ लागणारा पगार, जास्तीत जास्त १५,०००, त्याला दोन हप्त्यांत मिळतो. पहिला हप्ता ६ महिने टिकल्यावर, दुसरा १२ महिने टिकून आर्थिक साक्षरतेचा छोटा अभ्यासक्रम पुरा केल्यावर. त्यातला काही भाग बचत म्हणून काही काळ अडकवून ठेवतात. म्हणजे ‘पंधरा हजार मिळतील’ हे खरं, पण लागल्या दिवशी नाही, वर्षभरात आणि टिकला तर. आणि पगार १४,००० असेल तर फार तर १४,०००.

इथे तुमच्या भावाच्या फायद्याची एक गोष्ट आहे. राज्याच्या प्रशिक्षणातले ते ११ महिने पीएफमध्ये मोजले जात नाहीत. त्या प्रशिक्षणार्थींना पीएफ, ईएसआय, किमान वेतन यांतलं काहीच लागू नव्हतं. तेव्हा ते त्याचं नुकसान होतं, आता त्याचाच उपयोग होतोय, कारण केंद्राच्या हिशेबात तो ‘पहिल्यांदाच नोकरीला लागणारा’ आहे. मात्र त्याला एकदा नीट आठवायला सांगा. बारावीनंतर मित्रांबरोबर दोन महिने चाकणला जाऊन आला होता का? पारोळ्याकडचा एक मुलगा माझ्याकडे असाच आला होता. पहिलीच नोकरी म्हणाला. आधार टाकला तर जुना यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, समोर आला. चार वर्षांपूर्वी पुण्याच्या एका ठेकेदाराने सात आठवडे त्याचा पीएफ कापला होता आणि मुलाला पत्ताही नव्हता. त्याचा हप्ता गेला. मालकाचा भाग मात्र अशा मुलावरही मिळतो.

मालकाचा भाग असा. त्याने आधीच्या कामगारसंख्येच्या वर माणसं वाढवली पाहिजेत, ५० पेक्षा कमी कामगार असतील तर किमान २, ५० किंवा जास्त असतील तर किमान ५. वाढवलेला माणूस किमान ६ महिने टिकला पाहिजे. मग दर माणसामागे पीएफच्या पगारावर १०,००० पर्यंत फार तर १,०००, त्याच्या वर २०,००० पर्यंत २,००० आणि त्याच्या वर एक लाखापर्यंत ३,००० रुपये महिना. दोन वर्षं. कारखानदारी असेल तर तिसरं आणि चौथं वर्षही.

तुमच्या भावाचं पगारपत्रक मी कागदावर मांडून बघितलं. पूर्ण १४,००० वर पीएफ धरला तर त्याच्या पगारातून १२ टक्के म्हणजे १,६८० पीएफ, पाऊण टक्का म्हणजे १०५ ईएसआयसी आणि २०० व्यवसाय कर जाईल. हातात १२,०१५. आता मालकाची बाजू. पगार १४,०००, त्याच्या वर त्याचा पीएफ १,६८०, ईएसआयसी सव्वातीन टक्क्यांनी ४५५, विम्याचा आणि प्रशासनाचा अर्धा-अर्धा टक्का मिळून १४०. एकूण १६,२७५. म्हणजे मुलगा पुस्तकावर घेतला, पीएफ-ईएसआयसीत त्याचं नाव घातलं, की मालकाला पगारावर २,२७५ रुपये जास्त पडतात. अनुदान किती? २,०००.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. सरकार तुमच्या भावाचा पगार देत नाहीये. त्याचं नाव पुस्तकावर घ्यायला मालकाला जो खर्च येतो, जवळपास तेवढंच देतंय. आमच्याकडे वर्षानुवर्षं मुलं ‘वहीवर’ काम करतात. शनिवारी हातात पैसे, वहीत सही, दुसरीकडे कुठेच नाव नाही. हात मशीनमध्ये गेला तर मालकाची दया, म्हातारपणी काही नाही, बँकेत कर्ज मागायला गेलं तर पगाराचा पुरावा नाही. ही वही बंद व्हावी म्हणून मी २२ वर्षं मालकांच्या मागे लागतोय. प्रत्येक जण एकच सांगतो, ‘भाऊ, माणसामागे दोन-अडीच हजार वर पडतात, शेजारचा भरत नाही, मी कसा भरू?’ या योजनेने ते दोन-अडीच हजार उचललेत. माझ्या मते तिची खरी किंमत एवढीच आहे आणि ती थोडी नाही.

म्हणून मालक म्हणाला की ‘तुझ्यावर मला पैसे मिळतात’, तर भावाने मिंधं व्हायचं कारण नाही. मालकाचे १४,००० मालकाच्याच खिशातून जाणार आहेत आणि भाऊ ते कामाने फेडणार आहे.

एक डाव मात्र ओळखून ठेवा. कबूल पगार १४,००० आणि पीएफचा पगार ९,०००, बाकी सगळे भत्ते. असं केलं की मालकाचा पीएफ कमी, पण त्याचं अनुदानही २,००० वरून १,००० च्या आत येतं आणि भावाचा हप्ता १४,००० वरून ९,००० वर. म्हणजे ही काटकसर दोघांच्याही मुळावर येते. मी हे मालकांना कागदावर करून दाखवतो तेव्हा निम्मे जण जागेवर ऐकतात.

आता तुमचा खरा प्रश्न. अनुदान संपलं की काढतील का?

मागचं सांगतो. २०१६ ला प्रधानमंत्री रोजगार प्रोत्साहन योजना आली. आधी मालकाचा पेन्शनचा ८.३३ टक्क्यांचा वाटा, १ एप्रिल २०१८ पासून मालकाचे पूर्ण १२ टक्के सरकारने भरले. मग करोनात, ऑक्टोबर २०२० पासून, आत्मनिर्भर भारत रोजगार योजना. १,००० पर्यंत कामगार असलेल्या ठिकाणी मालकाचे १२ आणि कामगाराचे १२, दोन्ही, दोन वर्षं. या दोन्ही योजनांतली माणसं मी स्वतः चढवली आणि मुदत संपल्यावर त्यांतली काही स्वतःच उतरवली. कोण राहिलं आणि कोण गेलं हे मला नावानिशी आठवतं. जी मुलं दोन वर्षं फक्त गठ्ठे उचलत, पॅकिंगला टेप लावत राहिली ती गेली. जी मशीनपर्यंत पोचली ती राहिली.

चटईच्या कारखान्यात हे डोळ्यांनी दिसतं. प्लास्टिकचा दाणा वितळवून दोरा निघतो, दोरा लूमवर चढतो, लूम चटई विणते. नवा मुलगा पहिले काही महिने शेवटाला असतो, चटई कापा, कडेला पट्टी शिवा, घडी घाला. तिथून लूमवर जायला कोणी बोलावत नाही, आपण जाऊन उभं राहावं लागतं. धरणगावकडचा एक मुलगा जेवणाच्या सुट्टीत रोज अर्धा तास लूमवाल्या चाचांजवळ उभा राहायचा. दोरा तुटला की चाचा लूम थांबवायचे, गाठ मारायचे, पुन्हा चालू. आठव्या महिन्यात चाचा आजारी पडले आणि मालकाने विचारलं, ‘कोण चालवेल?’ त्या मुलाने हात वर केला. त्याचं अनुदान २०२३ मध्ये संपलं. तो अजून तिथेच आहे, दोन लूम सांभाळतो. मालकाला ते अनुदान कधी संपलं हे आठवतही नाही.

तेव्हा भावाला सांगा, पहिल्या सहा महिन्यांत मशीनपाशी पोच. नोकरी राहते ती बहुतेक त्यानेच.

वाईटही बघितलंय. एका मालकाने मला सांगितलं होतं की सहा जुन्या माणसांची नावं उतरव, महिन्याने त्यांनाच नवे म्हणून चढव, अनुदान घेऊ. मी नाही म्हणालो, ते काम माझ्याकडून गेलं. आता चेहरा दाखवून यूएएन काढावा लागतो आणि वाढ आधीच्या संख्येच्या वर मोजतात, त्यामुळे हे बरंच अवघड झालंय. पण जिथे जुनी माणसं एकाएकी कमी झालेली दिसतील त्या कारखान्यात भावाने जपून राहावं. गेटबाहेरच्या चहावाल्याला विचारा, त्याला सगळं माहीत असतं.

आपल्या खान्देशाबद्दल एक बोलल्याशिवाय राहवत नाही. या योजनेची ६ महिने सलग टिकण्याची अट चाकणला ठीक आहे. आपल्याकडे जिनिंग दिवाळीच्या आगेमागे सुरू होते आणि उन्हाळ्यात बंद पडते. तिथला माणूस ६ महिने भरतो न भरतो तोच हंगाम संपतो. डाळमिलमध्ये बारा-चौदा माणसं, म्हणजे पीएफ लागू व्हायला लागणारा २० माणसांचा आकडाच गाठत नाही. रावेर-यावलच्या केळी कापणीच्या टोळ्या तर कोणाच्याच पुस्तकावर नाहीत. नंदुरबारची कुटुंबं उसाला आणि सुरतेला निघून जातात. म्हणजे जिथे पुस्तक आधीच आहे तिथे पैसे पोचतात, आणि जिथे ते उघडायला हवं होतं तिथपर्यंत येत नाहीत. हंगामी कामगाराचे दोन हंगाम जोडून महिने मोजले असते तर धरणगाव, चोपडा, शिंदखेडा, शहादा इथल्या हजारो घरांत पहिल्यांदा पीएफचं नाव पोचलं असतं. संधी मिळेल तिथे मी हे मांडतो आणि मांडत राहणार.

आपल्या भागातल्या म्हाताऱ्यांना ७२ चा दुष्काळ आठवतो. खडी फोडली, बांध घातले, पाझर तलाव खोदले, त्यातूनच पुढे १९७७ चा रोजगार हमीचा कायदा झाला. तेव्हा काम सरकारच देत होतं. या योजनेत सरकार काम देत नाही, काम देणाऱ्याला हातभार लावतं. त्यामुळे ज्याच्याकडे कामच नाही त्याला हातभार लावून उपयोग होत नाही. माल खपत नसेल तर २,००० साठी कोणी माणूस वाढवत नाही. म्हणून भावाने कारखान्यात गेल्यावर अनुदानाचं विचारायच्या आधी बघावं की गोडाऊन भरलेलं आहे की गाड्या लागताहेत, रात्रपाळी चालते का.

त्या ११ महिन्यांबद्दल. तुमच्यासारखीच एक आई माझ्याकडे येऊन म्हणाली, ‘भाऊ, पोऱ्या अकरा महिना हापिसमा गया, आते पुढे काय?’ तिला मी विचारलं ते तुम्हालाही विचारतो. तो तिथे नेमकं काय करत होता? आवक-जावक लिहायचा? मराठी टायपिंग शिकला? पोर्टलवर माहिती भरायचा? तर ते एका पानावर लिहून काढा. ‘प्रशिक्षण पूर्ण’ या प्रमाणपत्राला कारखान्यात फारसं कोणी विचारत नाही. ‘रोज साठ अर्ज भरायचो’ या वाक्याला विचारतात. चटईच्या कारखान्यात डिस्पॅचला असा मुलगा हवाच असतो, आणि मशीनखेरीज टिकायची ती दुसरी जागा आहे.

आणि मुलाखतीत ‘माझ्यावर तुम्हाला अनुदान मिळेल’ हे वाक्य त्याने पहिलं बोलू नये. याला आधार आहे. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन शहरात १९८०-८१ मध्ये बेकारांच्या हातात अशा सवलतीची व्हाउचर दिली होती आणि सांगितलं, मालकाला दाखवा. व्हाउचरवाल्यांना नोकऱ्या कमी लागल्या, बिनव्हाउचरवाल्यांना जास्त. मालकांना वाटलं असावं, सरकार पैसे देऊन पाठवतंय म्हणजे माणसात काहीतरी कमी आहे. जळगावचे मालक काही वेगळे नाहीत. आधी आपलं काम सांगावं, अनुदानाचं मालकाचा पीएफवाला बघून घेईल. जॉर्डनमध्येही २०१० च्या सुमारास पदविका झालेल्या मुलींना सहा महिन्यांच्या पगाराएवढी व्हाउचर दिली. ती होती तोवर नोकऱ्या भरपूर लागल्या, संपल्यावर बहुतेक सुटल्या. तुमची भीती अगदी बिनबुडाची नाही, ती इतर देशांतही खरी ठरलेली आहे. फरक एवढाच की इथे सहा महिन्यांऐवजी चार वर्षांपर्यंत वेळ आहे, आणि तेवढ्या काळात माणूस कारागीर होतो.

पुण्यात १८,००० मिळतील असं कोणी म्हणेल. खोलीचा वाटा, मेस, गावी येण्याजाण्याचा खर्च वजा करा. अमळनेरहून सकाळच्या गाडीने धरणगाव, पाळधी करत जळगाव, रेल्वेचा मासिक पास, डब्यात घरची भाकरी आणि ठेचा. १२,०१५ मधले जेवढे घरात राहतील तेवढे पुण्याहून राहणार नाहीत. मात्र गाडीची वेळ आणि पाळीची वेळ जुळते का हे आधी बघा. दुसऱ्या पाळीला परतीच्या गाडीची पंचाईत होते आणि त्यापायी दोन महिन्यांत नोकरी सोडलेली मुलं मी पाहिली आहेत.

तर पाठवा. माझं मत स्पष्ट आहे. फक्त रुजू होण्याआधी नियुक्तीपत्र घ्या आणि त्यावर नाव कोणाचं आहे ते वाचा. कारखान्याचं की ठेकेदाराचं? ठेकेदाराच्या पीएफ कोडवर, म्हणजे त्याच्या पीएफ नोंदणीवर, चढला तर अनुदान ठेकेदाराला जाईल, आणि काही ठेकेदार मुलांना दर काही महिन्यांनी ‘ब्रेक’ देतात. असा ब्रेक सहाव्या महिन्याच्या आत आला तर भावाचा हप्ता बुडतो. कारखान्याच्या स्वतःच्या कोडवर घ्या म्हणून आग्रह धरा. बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना, आणि भाऊ वापरतो तेच खातं जोडलेलं आहे ना, हेही बँकेत जाऊन विचारा. माझ्या ओळखीच्या एका मुलीचं विद्यावेतन तीन महिने अडकलं होतं, कारण आधार तिच्या जुन्या शिष्यवृत्तीच्या खात्याला जोडलेलं राहिलं होतं आणि पैसे तिकडे जमा होत होते.

पहिल्या महिन्याचं पीएफचं चलन पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचं असतं. २० तारखेनंतर भावाला मोबाइलवर उमंग ॲपमध्ये त्याचं पासबुक उघडायला लावा. त्यात तीन आकडे दिसतील, त्याचे स्वतःचे १,६८०, मालकाचे ५१४ आणि पेन्शनचे १,१६६. मालकाने कमी भरले म्हणून घाबरू नका. ५१४ आणि १,१६६ मिळून मालकाचे १,६८० पुरे होतात. हे तीन आकडे दिसले नाहीत तर त्याच आठवड्यात विचारा, सहा महिने थांबू नका.